राजाने खाली ठेवलेले राज्य

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हटले की लोकांना सूर्यनमस्कार आणि चित्रसंग्रहालय आठवते. मला आठवते ती त्यांनी आपण होऊन प्रजेपुढे ठेवलेली सत्ता!

त्यांचे संस्थान अवघ्या ७२ गावांचे. आज औंध सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी सांगलीत. मॉरिस फ्रिडमन हा पोलिश अभियंता आणि राजपुत्र अप्पासाहेब यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना रचली. २१ जानेवारी १९३९ रोजी ती मंजूर झाली. गावाने पाच पंच निवडायचे, गावपंचायतींतून तालुका-पंचायत आणि तिच्यातून विधिमंडळ. म्हणजे सत्ता खालून वर!

पण राजाने दिलेल्या घटनेला कुलूप कुठले? ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. ते इष्टच होते. परंतु घटनाही त्याबरोबर गेली. भारताच्या घटनेत ग्रामपंचायत आली ती ४० व्या कलमात, जिथे कोर्टात दाद मागता येत नाही. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने तिला पक्की जागा मिळाली. आता ती हलवायची तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते हवीत.

कुलूप भक्कम आहे खरे. पण ग्रामसभेला माणसेच जमली नाहीत, तर ते राखणार तरी काय?