पोलीस व्हायचंय म्हणून क्रिमिनॉलॉजीला ॲडमिशन घेताय? आधी भरतीची जाहिरात वाचा

बारावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत हा विषय निघतो. पोरगी किंवा पोरगा म्हणतो, "मला पोलिसात जायचंय." मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते आणि समोर येतात क्रिमिनॉलॉजी, क्रिमिनल जस्टिस, फॉरेन्सिक सायन्स अशा भारदस्त नावांचे कोर्स. जाहिरातीत खाकी वर्दी, भिंग आणि गुन्ह्याच्या जागेभोवतीची पिवळी पट्टी. घरच्यांना वाटतं, डॉक्टर व्हायला एमबीबीएस लागतं, तसं पोलीस व्हायला हे लागत असेल.

इथंच गडबड होते. महाराष्ट्रात खाकी वर्दीच्या कुठल्याही मुख्य भरतीसाठी क्रिमिनॉलॉजीची पदवी लागत नाही. पण म्हणून हे शिक्षण फुकट आहे, असंही नाही. काही नोकऱ्यांचं दार याच शिक्षणाने उघडतं, आणि जुलै २०२४ पासून त्याची गरज आणखी वाढली आहे. फक्त कोणत्या दारासाठी कोणती किल्ली लागते, हे पैसे भरायच्या आधी माहीत हवं.

वर्दीची चार दारं आणि त्यांच्या अटी

सगळ्यात मोठं दार म्हणजे पोलीस शिपाई भरती. शिक्षणाची अट बारावी पास. वय खुल्या प्रवर्गासाठी १८ ते २८ आणि मागासवर्गीयांसाठी ३३ पर्यंत. उंची पुरुषांसाठी किमान १६५ सेंटिमीटर, महिलांसाठी १५५. आधी ५० गुणांची मैदानी चाचणी होते. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावणं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यात निम्मे गुण मिळाले तरच पुढचा विचार होतो. मग एका जागेमागे दहा या प्रमाणात उमेदवार लेखी परीक्षेला बोलावले जातात. लेखी १०० गुणांची असते. त्यात अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. गुन्हेगारीच्या सिद्धांतांवर वेगळा पेपर नाही.

दुसरं दार पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे पीएसआय. ही परीक्षा एमपीएससी घेते. कोणत्याही शाखेची पदवी चालते. बी.ए. मराठी असो, बी.कॉम. असो की बी.एस्सी. ॲग्री. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, शारीरिक चाचणी आणि मुलाखत हे टप्पे पार झाले की नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण.

तिसरं दार डीवायएसपी. एमपीएससीची राज्यसेवा परीक्षा, आणि इथंही कोणतीही पदवी. चौथं आयपीएस, म्हणजे यूपीएससी. पुन्हा तेच, कोणतीही पदवी. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत जे वैकल्पिक विषय निवडता येतात, त्यात कायदा आहे, समाजशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे. क्रिमिनॉलॉजी त्या यादीत नाहीच.

सीबीआयमध्ये उपनिरीक्षक व्हायचं असेल, तर वाट स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर परीक्षेतून जाते. तिथंही ठरावीक शाखेची अट नाही.

स्पर्धा किती आहे, हेही बघून घ्या. २०२४ मध्ये महाराष्ट्रात शिपाई भरती झाली, तेव्हा सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे शंभर जण. त्यात इंजिनिअर आणि एमबीए झालेलेही होते. तिथं पदवीचं नाव कुणी विचारत नाही. मैदानावरची सेकंदं आणि लेखीतले गुण मोजले जातात.

मग क्रिमिनल जस्टिसची पदवी हा प्रकार आला कुठून?

इंटरनेटवर या विषयाची माहिती शोधली, की बहुतेक पानं अमेरिकेची निघतात. गैरसमजाचं मोठं कारण हेच.

अमेरिकेत आपल्यासारखं राज्याचं एकच पोलीस दल नसतं. शहर, काउंटी, राज्य, केंद्र अशा मिळून तिथं सुमारे १८ हजार वेगवेगळ्या यंत्रणा आहेत आणि प्रत्येक जण आपापली भरती करतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी पोलिसांनी कॉलेजात शिकलं पाहिजे, असा आग्रह धरला. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खास पोलिसांच्या शिक्षणासाठी कॉलेज सुरू झालं. आज ते जॉन जे कॉलेज ऑफ क्रिमिनल जस्टिस म्हणून ओळखलं जातं. १९६८ च्या कायद्यानंतर तिथल्या केंद्र सरकारने पोलिसांच्या आणि पोलीस होऊ इच्छिणाऱ्यांच्या कॉलेजच्या फीसाठी पैसा दिला आणि हे कोर्स देशभर पसरले.

गंमत म्हणजे तिथंही सगळीकडे पदवी सक्तीची नाही. मिनेसोटा राज्यात दोन वर्षांची कॉलेज पदवी लागते. न्यूयॉर्क पोलिसांनी मात्र २०२५ मध्ये कॉलेज क्रेडिट्सची अट ६० वरून २४ वर आणली, कारण उमेदवार कमी पडत होते.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. उमेदवार भरपूर, जागा कमी आणि भरती स्पर्धा परीक्षेतून. त्यामुळे तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

तीन नावं, तीन वेगळे विषय

कोर्स निवडताना सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो.

क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हेशास्त्र. माणूस गुन्हा का करतो, कोणत्या परिस्थितीत गुन्हे वाढतात, शिक्षेचा उपयोग होतो का, पीडितांचं काय होतं, हे त्यात शिकवतात. याचा पाया समाजशास्त्र आणि मानसशास्त्राचा.

क्रिमिनल जस्टिस म्हणजे फौजदारी न्यायव्यवस्था. पोलीस ठाणं, कोर्ट, तुरुंग, प्रोबेशन ही साखळी कशी चालते, कुठे अडते, याचा अभ्यास.

फॉरेन्सिक सायन्स हे पूर्ण विज्ञान. रक्त, डीएनए, विष, ठसे, बंदुकीची गोळी, हस्ताक्षर, मोबाईलमधला डेटा यांची तपासणी. इथं केमिस्ट्री आणि बायोलॉजीला पर्याय नाही.

भारतात हे शिक्षण नवं नाही. मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात १९५९ पासून क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिकचा विभाग आहे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, म्हणजे टिसमध्ये, क्रिमिनॉलॉजी आणि जस्टिस या विषयात समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचं नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठ झालं आणि त्याचा एक कॅम्पस गोव्यातही आहे.

हे शिक्षण खरंच लागतं तरी कुठे?

१ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम.

यातल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ महत्त्वाचं आहे. ज्या गुन्ह्याला सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा आहे, तिथं फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं हे कलम सांगतं. ही तरतूद प्रत्यक्षात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचंही ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं आहे.

साधा हिशोब करा. खून, बलात्कार, दरोडा, हुंडाबळी. अशा प्रत्येक गुन्ह्याच्या जागी तज्ज्ञ पोचायचा, तर माणसं लागणार. ती प्रशिक्षित असावी लागणार. म्हणून फॉरेन्सिक सायन्सच्या पदवीला आज जेवढं महत्त्व आहे, तेवढं आधी नव्हतं.

आता वर्दीतल्या माणसाचं बघू. समजा, एका प्रकरणात आरोपीचा मोबाईल जप्त केला. पंचनाम्यात फोनचा आयएमईआय नंबर नीट लिहिला नाही, सील केव्हा केलं याची नोंद नाही, आणि कोर्टात व्हिडिओची नुसती कॉपी पेन ड्राइव्हवर दिली, सोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र नाही. बचाव पक्षाचा वकील पहिला हल्ला इथंच करतो. मग व्हिडिओत सगळं दिसत असूनही तो पुरावा म्हणून बाद होऊ शकतो.

हा नियम पक्का झाला तो महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद कोर्टात गेला. त्यात उमेदवारी अर्ज भरतानाच्या व्हिडिओ रेकॉर्डिंगचा मुद्दा होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागणारच. प्रकरण निवडणुकीचं होतं, पण हा दंडक फौजदारी खटल्यांनाही लागू पडतो. नव्या साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलचा डिजिटल अंगठा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.

अटकेचंही तसंच. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, अटक का गरजेची आहे याची कारणं नोंदवायची. हे कुणाला आधीपासून कळत असेल, तर त्याच्या हातून चुकीची अटक होण्याची शक्यता कमी. देशातल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. पोलीस ठाण्यात घाईने घेतलेला एक निर्णय कुणाला तरी वर्षानुवर्षं आत ठेवू शकतो.

म्हणजे या शिक्षणाने भरतीत जादा गुण मिळत नसले, तरी नोकरीत ते रोज कामाला येतं.

वर्दी नसलेल्या नोकऱ्या

गुन्हा आणि न्याय या क्षेत्रात पोलीस सोडूनही बरीच कामं आहेत आणि तिथं पदवीच्या नावाला किंमत आहे.

प्रयोगशाळा: राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं मुख्यालय मुंबईत कलिना इथं आहे. इथल्या वैज्ञानिक पदांसाठी विज्ञानाची पदवी लागते. आर्ट्समधून क्रिमिनॉलॉजी केलेला उमेदवार इथं बसत नाही, आणि हे अनेकांना पदवी हातात आल्यावर कळतं.

सरकारी वकील: कायद्याची पदवी आणि जाहिरातीत मागितलेला वकिलीचा अनुभव.

प्रोबेशन, बालसुधार, कैद्यांचं पुनर्वसन: इथं समाजकार्याची पदवी उपयोगी. टिसचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतोय.

सायबर तपास: कॉम्प्युटर किंवा आयटीची पदवी आणि त्यावर डिजिटल फॉरेन्सिक्स.

शिकवणं आणि संशोधन: यूजीसी नेटमध्ये क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्स असे दोन्ही स्वतंत्र विषय आहेत.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी

एक, ज्या पदाचं स्वप्न आहे त्याची मागची जाहिरात डाउनलोड करा आणि शैक्षणिक अर्हतेचा रकाना वाचा. कोर्सचं नाव तिथं आहे का, नसेल तर कोणत्या पदव्या आहेत, ते बघा.

दोन, विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, हे यूजीसीच्याच वेबसाइटवर तपासा. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. आणि "शंभर टक्के पोलीस नोकरी" असं कुणी सांगत असेल, तर तिथून उठा. सरकारी भरतीची हमी कोणतंही कॉलेज देऊ शकत नाही.

तीन, वयाचा हिशोब मांडा. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला शिपाई भरतीसाठी २८ पर्यंत वेळ आहे. पदवी २१ व्या वर्षी, पदव्युत्तर २३ व्या वर्षी. उरली पाच वर्षं. पण भरती दरवर्षी वेळेवर निघतेच असं नाही. २०२२ आणि २०२३ च्या रिक्त जागांची मैदानी चाचणी २०२४ मध्ये झाली. म्हणून पदवी आणि मैदान दोन्ही सोबत चालू ठेवावं लागतं.

चार, उंचीसारखी शारीरिक अट आधी मोजून घ्या. तीन वर्षं शिकून मग एका सेंटिमीटरने बाहेर पडण्यात काही अर्थ नाही.

थोडक्यात, वर्दीच हवी असेल तर आवडीच्या विषयात, परवडेल अशा फीमध्ये पदवी घ्या आणि परीक्षेची तयारी करा. प्रयोगशाळा हवी असेल तर अकरावीपासून सायन्स. कोर्ट हवं असेल तर एलएलबी. कैदी, पीडित, मुलं यांच्यासोबत काम करायचं असेल तर समाजकार्य किंवा क्रिमिनॉलॉजी.

आणि ज्यांना वर्दी मिळाल्यावर काम नीट करायचंय, त्यांच्यासाठी तिन्ही नव्या कायद्यांचं मराठी पुस्तक कोणत्याही कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात मिळतं. एखाद्या सेमिस्टरच्या फीच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.