मुलगी म्हणते, ‘मी पेगन आहे’. आईवडिलांनी आधी कोणते पुस्तक उघडावे?

ब्रिटन-अमेरिकेतल्या अनेक घरांत हा प्रसंग साधारण असाच घडतो. कॉलेजमधून सुटीला आलेल्या मुलीच्या गळ्यात वर्तुळातला पाच टोकांचा तारा दिसतो. खिडकीत मेणबत्ती आणि चार दगड मांडलेले असतात. ख्रिसमसच्या तीन-चार दिवस आधीच ती ‘यूल’ साजरा करते आणि विचारले की सांगते, ‘मी पेगन आहे.’ आई मोबाइलवर शोधते, तर पहिल्याच मिनिटात जादूटोणा, सैतान, बळी असे सगळे समोर येते. मुलगी म्हणते, ‘काहीतरी नीट वाच, मग बोलू.’

नीट म्हणजे काय आणि कोणत्या क्रमाने?

शिवीचे नाव झाले

‘पेगन’ हा शब्द लॅटिन ‘पागानुस’वरून आला. मूळ अर्थ खेडवळ, गावाकडचा. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म पसरला तेव्हा जुन्या देवांना धरून राहिलेल्यांना हे नाव चिकटले. पुढे ते परधर्मीयांसाठी सरसकट वापरले गेले. पोर्तुगीजांनी गोव्यातल्या हिंदूंसाठी वापरलेला ‘जेंतियू’ हा शब्दही त्याच पठडीतला. विसाव्या शतकात काही लोकांनी ही शिवी स्वतःहून नाव म्हणून घेतली.

आज पेगन ही एक मोठी छत्री आहे. तिच्याखाली विक्का आहे, ड्रुइड आहेत, ओडिन-थॉरला मानणारे हीदन आहेत. या सगळ्यांचा मिळून एक धर्मग्रंथ नाही, एक प्रेषित नाही, पोपसारखे पीठही नाही. निसर्ग पवित्र मानणे आणि एकापेक्षा जास्त देवदेवता मानणे हे बहुतेकांत समान. शिवाय विक्का आणि ड्रुइड मंडळी वर्षाला ऋतूंचे आठ सण पाळतात. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार जणांनी धर्माच्या रकान्यात ‘पेगन’ लिहिले आणि सुमारे १३ हजारांनी ‘विक्का’. म्हणजे मुलगी एकटी नाही, पण गर्दीतही नाही.

सैतानाची पूजा करतात का?

नाही. सैतान ही कल्पना ख्रिस्ती धर्मविचारातली आहे. जे तो धर्मविचारच मानत नाहीत, त्यांच्याकडे सैतानालाही जागा नाही. अँटन लावे यांनी १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काढलेले ‘चर्च ऑफ सेटन’ हे वेगळे प्रकरण आहे. गळ्यातल्या ताऱ्याचे म्हणाल, तर अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २००७ मध्ये तो सैनिकांच्या थडग्यावर कोरण्याच्या मान्य चिन्हांत घेतला. अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या एका विक्कन जवानाच्या पत्नीला त्यासाठी झगडावे लागले होते.

धर्म किती जुना?

इथे मुलीशी वाद होऊ शकतो. अनेक नवखे ठामपणे सांगतात की ही हजारो वर्षांची अखंड परंपरा आहे. तसे नाही. मार्गारेट मरे यांनी १९२१च्या पुस्तकात मांडले होते, की युरोपात ज्यांना चेटकीण म्हणून मारले ते प्रत्यक्षात एका जुन्या धर्माचे लोक होते. इतिहासकारांनी हे मत कधीच मोडीत काढले आहे. ब्रिटनने जादूटोण्याचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द केला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर या मलायात नोकरी केलेल्या निवृत्त कस्टम अधिकाऱ्याने ‘विचक्राफ्ट टुडे’ छापले. विक्काचा जाहीर प्रवास तिथून सुरू होतो. शरदातल्या सणाचे ‘मेबन’ हे नाव तर १९७०च्या दशकातले आहे. देव जुने, पूजेची मांडणी नवी. हे बरेच पेगनही आता मोकळेपणाने मान्य करतात.

वडाला दोरा गुंडाळणाऱ्या घरातल्या मराठी वाचकाला हे सगळे ओळखीचे वाटेल. पण एक मोठा फरक आहे. इथे सण आजीकडून येतो, तिथे बहुतेकांकडे तो पुस्तकातून आला. म्हणूनच ‘वाच, मग बोलू’ या म्हणण्याला तिथे वजन आहे.

मग पहिले कोणते?

बहुतेक पालक मुलीच्या कपाटातले पुस्तक काढतात आणि तिथेच फसतात. ते बहुधा स्कॉट कनिंगहॅम यांचे १९८८चे ‘विक्का’ असते. एकट्याने साधना करणाऱ्यासाठीचे ते हातपुस्तक आहे, वर्तुळ कसे आखायचे वगैरे सांगणारे. बाहेरच्याला ते पाककृतीच्या वहीसारखे वाटते. जेवण कसे लागते ते त्यातून कळत नाही.

त्यापेक्षा कार्ल मॅककोलमन यांच्या ‘व्हेन समवन यू लव्ह इज विक्कन’ (२००३) पासून सुरुवात करावी. धास्तावलेले आईबाप, मित्र, सहकारी यांच्यासाठीच ते लिहिले आहे. त्यानंतर मार्गो ॲडलर यांचे १९७९चे ‘ड्रॉइंग डाउन द मून’. ॲडलर रेडिओ पत्रकार होत्या आणि स्वतः पेगनही. त्यांनी अमेरिकाभरच्या गटांना गाठून त्यांना बोलते केले. पुस्तक जाडजूड आहे, पण त्यातली माणसे खरी वाटतात. इतिहासाची शंका असेल तर ब्रिस्टल विद्यापीठाचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांचे ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ (१९९९) पाहावे. वेळच नसेल तर ओवेन डेव्हिस यांची २०११ची छोटी ओळखपुस्तिका आहे. रील्स शेवटी पाहिल्या तरी चालतील.

काळजी कुठे करावी?

मेणबत्तीची नको. गार्डनरच्या परंपरेत काही विधी विवस्त्र होतात, हे पालकांना आधीच माहीत असलेले बरे. त्या परंपरेतले गट अठरा वर्षांखालच्यांना सहसा दीक्षा देत नाहीत. जो गट अल्पवयीन मुलाला घाईने आत घेतो, घरच्यांपासून लपवायला सांगतो किंवा सतत पैसे मागतो, तिथे थांबवावे. हे कुठल्याही धर्माच्या गटाला लागू आहे. हीदन वर्तुळात काही वर्णद्वेषी गटांनी नॉर्स चिन्हे पळवली आहेत. अनेक हीदन संघटना त्यांचा उघड निषेध करतात. मुलगा थॉरचा हातोडा घालत असेल तर तो कोणाच्या बैठकीला जातो, एवढे जरूर विचारावे.

यूलनंतरचा सण इंबोल्क, साधारण १ फेब्रुवारीला. हिवाळा सरत आल्याचा, मेंढ्यांना दूध उतरण्याचा. मूळचा आयर्लंडचा हा दिवस ब्रिजिड देवीचा मानतात. त्याच तारखेला कॅथलिक मंडळी सेंट ब्रिजिडचा दिवस पाळतात आणि २०२३ पासून आयर्लंडमध्ये या संताच्या नावाने सार्वजनिक सुटीही आहे. त्या दिवशी मेणबत्ती आईही लावते आणि मुलगीही.