माजघरातला अंधार आणि पोरांचा अभ्यास

पावसाळा लागला की बुरोंडीकडे पडवीला झापे नाहीतर ताडपत्री बांधतात आणि भरदिवसा माजघरात अंधार होतो. पोरे तिथेच अभ्यासाला बसतात. मग आपण म्हणतो, पोराच्या डोक्यात काही राहत नाही. दोष पोराचाच असेल असे नाही.

अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाचा एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. माणसासारखे दिवसा जागणारे उंदीर चार आठवडे मंद उजेडात ठेवले. मेंदूतल्या आठवणी सांभाळणाऱ्या भागाची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटली, शिकवलेली वाटही त्यांना सापडेना. पुढे चार आठवडे लख्ख उजेड दिल्यावर ती पुन्हा भरून आली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. पण अंड्यावरच्या कोंबडीला १६ तास उजेड लागतो हे आपण जाणतो, मग पोराच्या उजेडाचा विचार का नको?

ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून पश्चिमेचा मारा तेवढा अडवा, पूर्वेची बाजू मोकळी ठेवा. सकाळचा अभ्यास ओटीवर होऊ दे. रात्री मात्र दिवा वेळेवर मालवा, अपुऱ्या झोपेत पाठांतर टिकत नाही. छपरात दोन काचेची कौले बसवून घ्या. जुनी असतील तर मिरगाआधी त्यांवरचे शेवाळ घासून काढा.