ताम्हिणीची खाजकुइली आणि अण्णांचा थरथरता हात

मैत्रिणींनो, खेड्यात वाढलेल्या बाईला खाजकुइली सांगावी लागत नाही. शेंगेवरची ती सोनेरी-तपकिरी मखमल इतकी देखणी, की हात लावावासा वाटतो, आणि एकदा का लागला की मग दिवसभर खाजवत बसा! आमच्या शाळेतली व्रात्य मुलं मास्तरांच्या खुर्चीवर ही कुसं पसरायची आणि छडी मात्र सगळ्या वर्गाला मिळायची. त्याच शेंगेच्या पोटातल्या बीबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे. ह्या बीपायी आमच्या घरी मोठी धांदल उडाली होती आणि चूक माझीच होती.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, आता पंच्याहत्तरीचे आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. मांडीवर हात स्वस्थ असला की बोटं हलायची, जशी काही जपमाळच ओढताहेत. पेला उचलायला हात पुढे केला की कंप कमी व्हायचा. मग वाण्याच्या यादीतलं त्यांचं टपोरं अक्षर मुंगीएवढं झालं. चेहरा हसेनासा झाला. सासूबाईंना वाटायचं, ह्यांना आपला राग आलाय! डॉक्टरांनी 'पार्किन्सन्स' असं निदान केलं, आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तेच. गोळ्या सुरू झाल्या आणि अण्णा पुन्हा स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणं लावू लागले.

गेल्या पौषात आम्ही ताम्हिणीला गेलो होतो, जाऊबाईंच्या माहेरी. पावसाळ्यात तिथे चार हातांवरचं दिसत नाही; पण पौषात घाट मोकळा असतो आणि वाळलेल्या वेलींवर खाजकुइलीच्या शेंगांचे घोस लटकत असतात. विंझाईचं दर्शन घेऊन परतलो, तर जाऊबाईंच्या आत्या ओसरीवर बसल्या होत्या. अण्णांचा हात पाहून म्हणाल्या, "अगं, ह्याचं बी भाजावं, साल काढावी, भुकटी करावी आणि रोज चमचाभर दुधातून द्यावी. आमच्या थोरल्या दिरांना गुण आला होता." येताना त्यांनी शेरभर बिया बांधूनही दिल्या.

मी घरी येऊन तसंच केलं. डॉक्टरांना विचारलं नाही. झाडपाला तो, त्याने काय अपाय होणार, असं वाटलं. दोन दिवस अण्णांचा हात खरोखरच हलका झाला आणि मी मनात फुशारले. तिसऱ्या दिवशी त्यांना मळमळू लागलं. चौथ्या दिवशी खाटेवरून उठताना घेरी आली आणि ते दाराच्या चौकटीवर आपटले. त्याच रात्री कोपऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ती मुलं कुणाची बसलीत गं?" कोपऱ्यात कुणीही नव्हतं. मैत्रिणींनो, त्या क्षणी माझे हातपाय गार पडले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता 'जंगली औषधां'वर व्याख्यान ऐकावं लागणार. ते एवढंच म्हणाले, "अहो, तुम्ही वेगळं औषध दिलंच नाहीत. गोळीत जे आहे तेच त्या बीत आहे. तुम्ही मात्रा वाढवलीत."

हे मला खरं वाटेना, म्हणून मग वाचत गेले. आपल्या मेंदूच्या खोल भागात काळसर रंगाचा एक लहानसा पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामीन नावाचं रसायन तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सहज होतात. पार्किन्सन्समध्ये ह्या पेशी हळूहळू मरतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन ह्या डॉक्टराने 1817 साली ह्या दुखण्याचं वर्णन केलं. पण मेंदूत उणीव कशाची आहे हे कळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

त्या शोधाच्या वाटेवर आपल्या रानातली दोन झाडं उभी आहेत, ह्याचं मला फार नवल वाटलं. पहिलं सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी 1949 साली रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे मांडला. तिच्यातून पुढे रेसर्पिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. स्वीडनचे मेंदूसंशोधक आर्विड कार्लसन ह्यांनी ते सशांना टोचलं, तर ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपा दिलं आणि थोड्याच वेळात कान ताठ! ही 1957 सालची गोष्ट. त्यांच्या डोपामीनवरच्या कामाला 2000 साली नोबेल पारितोषिक मिळालं. कार्लसनांच्या सशांनंतर तीनच वर्षांनी, 1960 साली, व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच ह्यांनी कंपवाताने वारलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तर त्यांत डोपामीन अगदी कमी निघालं.

आणि ते डोपा, म्हणजे लेव्होडोपा, आपल्या खाजकुइलीच्या बियांतून मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी ह्यांनी 1937 सालीच वेगळं काढलं होतं! तेव्हा त्याचा उपयोग कुणाला ठाऊक नव्हता. पुढे 1978 साली मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच बीची भुकटी कंपवाताच्या रोग्यांना देऊन पाहिली आणि तिचा गुण छापून प्रसिद्ध केला. म्हणजे ताम्हिणीच्या आत्याबाई खोटं बोलत नव्हत्या.

मग अण्णांना त्रास का झाला? त्याचा हिशेब असा. डोपामीन सरळ पोटात दिलं तर ते मेंदूच्या दारातून आत जात नाही. लेव्होडोपा जातं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. दारावर पीठ अडवतात, गहू सोडतात आणि जातं आत मांडलेलं आहे, असं समजा. पण बराचसा गहू वाटेतच दळला जातो, आणि तेच पीठ रक्तात हिंडून मळमळ करतं. म्हणून हल्लीच्या गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा घालतात; ते वाटेतलं दळण रोखतं. अण्णा गोळी घेत होतेच, तेव्हा ह्या राखणदाराने बीतला गहूही आत पोचवला. बीमध्ये साधारण तीन ते सहा टक्के लेव्होडोपा असतं. पाच ग्रॅमचा चमचा म्हणजे दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम आणि अण्णांची एक गोळी शंभराची! शिवाय कुठल्या वेलीच्या बीत किती हे भाजणाऱ्या बाईला कसं कळावं?

ह्या बीवर संशोधन अजून चालू आहे. लंडनमध्ये 2004 साली आठ रोग्यांवर प्रयोग झाला. तिथे भुकटीचा गुण सुमारे पस्तीस मिनिटांत आला, तर नेहमीच्या गोळीला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. बोलिव्हियात, महागड्या गोळ्या न परवडणाऱ्या रोग्यांना भाजलेल्या बीची भुकटी सोळा आठवडे दिली. 2018 साली ते निष्कर्ष छापले गेले. चौदांपैकी सात जणांनी ती मध्येच सोडली. कुणाला पोटाचा त्रास झाला, कुणाची हालचालच बिघडली. आणखी एक गोष्ट मला कडू वाटली तरी सांगते. गोळी काय किंवा बी काय, दोन्ही फक्त उणीव भरून काढतात. पेशींचं मरणं थांबवणारं औषध अजून हाती आलेलं नाही.

तुमच्या घरी असं माणूस असेल तर ह्या काही गोष्टी ध्यानात ठेवा. गोळीची वेळ घड्याळाने पाळा आणि ती जेवणाआधी अर्धा तास द्या. दूध, डाळ, पनीर ह्यांतली प्रथिनं औषधाची वाट अडवतात. मी तर भुकटी दुधातूनच देत होते, म्हणजे तीही चूकच! पण म्हणून प्रथिनं बंद करू नका, नुसती वेळ सांभाळा. गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ते फार धोक्याचं असतं. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर ओढू नका. आम्ही दाराशी खडूने आडव्या रेघा ओढल्या आहेत. अण्णा एकेक रेघ ओलांडतात आणि पाय सुटतात. पायाखाली येणाऱ्या चटया मात्र उचला.

आणि हो, वास न येणं, जुनाट मलावरोध, बारीक झालेलं अक्षर, चालताना एकच हात न हलणं ह्या खुणा थरथरीच्या आधीही दिसू शकतात. हे दुखणं पुरुषांत अधिक. पण बायकांनाही होतं. बाईचा हात संथ झाला तर घरचे म्हणतात, वय झालं, आणि तीही तेच म्हणत पोळ्या लाटत राहते. तसं करू नका, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रोगी आणि घरचे एकमेकांना भेटतात, बोलतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा घरी येऊन सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांच्याच नवऱ्यांचा चेहरा असा आहे की!" आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा खळखळून हसल्या.

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी चूर्णं, आसवं, काढे पिशवीत घालून न्या, अगदी आत्याबाईंनी दिलेली पुडीसुद्धा. आमच्या डॉक्टरांनी ती उघडून पाहिली, एक बी हातात घेऊन उजेडात धरलं आणि विचारलं, "ताम्हिणीची ना? आमच्याही गावाला होती."