जास्त पॉवरच्या गाडीला कोणता फ्युएल पंप लावायचा? आधी व्होल्टेज बघा, मग पाकीट काढा!

मोबाइलवर गाड्यांचे रील बघताना "४०० हॉर्सपॉवर", "स्टेज २", "बिग टर्बो" हे शब्द तुम्ही हजारदा ऐकले असतील. पण एवढी ताकद काढायची म्हणजे इंजिनाला तेवढं पेट्रोलही पोचायला हवं, आणि ते पोचवणाऱ्या फ्युएल पंपाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आज त्याच पंपाबद्दल बोलू. माझं इंजिन जाता जाता वाचलं, त्यामुळे हा विषय मला चांगलाच पाठ झालाय.

मी मूळचा कोल्हापूरकडचा, सध्या नोकरीनिमित्त अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो. डेट्रॉइटचा हा भाग म्हणजे मोटारींचं माहेरघर. इथे आल्यावर मी एक जुनी १९९१ ची फोर्ड मस्टँग घेतली, ५ लिटर व्ही-८ इंजिनवाली. कंपनीतून ती २२५ हॉर्सपॉवरची होती. आधीच्या मालकाने हेड आणि कॅम बदलले होते, मी त्यावर सुपरचार्जर बसवला. अंदाजे ४०० हॉर्सपॉवर मिळणार होती. कागदावर सगळं मस्त!

नेमकं काय बिघडलं?

तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ५००० आरपीएमच्या आसपास गाडी अडखळायची. हवा आणि इंधनाचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर ११.५ वरून १३.५ च्या वर जायचा. म्हणजे हवा भरपूर आणि पेट्रोल कमी. याला मिश्रण "लीन" होणं म्हणतात. साध्या गाडीत लीन झालं तर गाडी नुसती ओढत नाही. पण सुपरचार्जर किंवा टर्बो असताना फुल लोडवर लीन झालं तर सिलिंडरमधलं तापमान वाढतं, नॉकिंग सुरू होतं आणि काही सेकंदांत पिस्टन वितळू शकतो. मी लगेच पाय काढला म्हणून वाचलो.

कंपनीचा पंप तासाला ८८ लिटरचा होता, तो कमी पडणारच होता. म्हणून ऑनलाइन बघून २५५ लिटरचा पंप मागवला आणि एक अख्खा रविवार घालवून टाकी उतरवून बसवला. पुन्हा चाचणी घेतली, तर दुखणं तेच! थोडं उशिरा यायचं, एवढाच फरक.

विक्रेत्याला विचारलं तर उत्तर तयारच होतं: "याहून मोठा पंप घ्या." मी कार्ड काढणारच होतो.

बाबांचा एक प्रश्न

त्याच रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला होता. गावाकडे आमच्या विहिरीवर मोटर आहे, तिच्याशी बाबांचं आयुष्यभराचं भांडण. मी माझं रडगाणं सांगितलं. बाबांना मस्टँगमधलं काही कळत नाही, पण ते म्हणाले, "अरे, मोटर बदलायच्या आधी व्होल्टेज बघितलंस का? आपल्याकडं लाइट डिम असली की पाच एचपीची मोटर पण पाणी चढवत नाही."

खरं सांगतो, मी गप्पच झालो. कारण व्होल्टेज मी बघितलंच नव्हतं.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा अर्धाच खरा असतो

विहिरीवरची मोटर घेताना शेतकरी पहिला प्रश्न विचारतो: "हेड किती?" मोटर किती उंच पाणी चढवणार, त्यावर किती पाणी येणार हे ठरतं. गाडीच्या पंपाचंही तसंच आहे. "२५५ लिटर प्रति तास" हा आकडा एका ठरावीक दाबाला आणि एका ठरावीक व्होल्टेजला असतो. दाब वाढला की प्रवाह कमी होतो. व्होल्टेज उतरलं की पंप हळू फिरतो आणि प्रवाह आणखी घटतो.

माझ्या गाडीत रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर बेस प्रेशर ३९ पीएसआय असतं. सुपरचार्जर ८ पीएसआय बूस्ट देतो. इंजेक्टरला त्या बूस्टच्या विरोधात पेट्रोल फवारायचं असतं, म्हणून रेग्युलेटर दाब तेवढाच वाढवतो. ३९ अधिक ८, म्हणजे ४७ पीएसआय. म्हणजे इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल जेव्हा लागतं, नेमका तेव्हाच पंपावर सगळ्यात जास्त दाब असतो.

मग मी काय मोजलं?

हूडखाली फ्युएल रेलवर प्रेशर गेज लावला आणि तो काचेतून दिसेल असा बाहेर बांधला. मल्टिमीटरच्या लांब वायरी पंपाच्या कनेक्टरपासून आत घेतल्या. मोबाइल स्टँडवर लावून दोन्हीचा व्हिडिओ काढला. हे सगळं डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर ठेवून चाकं रोलरवर फिरवतात त्या मशीनवर. रस्त्यावर असले प्रयोग अजिबात करू नका.

रात्री व्हिडिओ हळू करून बघितला आणि चोर सापडला:

- आयडलला दाब व्यवस्थित, पंपावर १२.८ व्होल्ट.
- फुल लोडवर दाब ४४ पर्यंत चढला आणि मग ३६ वर घसरला.
- त्या वेळी बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पण पंपावर फक्त १०.९.

तीन व्होल्ट वाटेतच गायब! तीस वर्षं जुनी बारीक वायर, रिलेचा थोडा जळका कनेक्टर आणि गंजलेलं अर्थिंग. सगळ्यांचा मिळून रेझिस्टन्स साधारण पाव ओम. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण मोठा पंप लोडवर १२ अँपिअर ओढत असेल, तर १२ गुणिले पाव म्हणजे बरोबर ३ व्होल्ट.

आता इथे खरी गंमत बघा. पंप जितका मोठा, तितका तो जास्त करंट ओढतो. वायर तीच राहिली तर व्होल्टेज आणखी पडतं. म्हणजे विक्रेत्याचं ऐकून मी अजून मोठा पंप घेतला असता, तर पैसे गेले असतेच, वर तो आधीच जळका असलेला कनेक्टर पेट्रोलच्या टाकीजवळ आणखी तापला असता.

उपाय स्वस्तातला निघाला. बॅटरीपासून थेट जाड १० गेजची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, मागे नवीन रिले आणि बॉडीचा रंग खरवडून पक्कं अर्थिंग. कंपनीची जुनी वायर मी काढली नाही, ती फक्त रिले चालू करायला वापरली. याचं कारण महत्त्वाचं आहे. अपघातात धक्का बसला की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच त्याच वायरवर असतो. तो बायपास केला तर उलटलेल्या गाडीत पंप पेट्रोल ओततच राहील.

पुढच्या चाचणीत पंपावर १३.३ व्होल्ट, दाब ४७ वर ६००० आरपीएमपर्यंत ठाम. पंप तोच, २५५ लिटरवाला.

तुमच्या गाडीला किती लिटरचा पंप लागेल?

हे गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. टर्बो किंवा सुपरचार्जर असलेल्या पेट्रोल इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल धरतात.

१. ४०० हॉर्सपॉवर × २७० ग्रॅम = १०८ किलो.
२. पेट्रोलचं एक लिटर साधारण ७४५ ग्रॅम भरतं, म्हणून १०८ किलो म्हणजे सुमारे १४५ लिटर.
३. वर २० टक्के राखीव धरा: साधारण १७५ लिटर प्रति तास.

आता कंपनीने दिलेल्या तक्त्यात बघा, की *तुमच्या* दाबाला आणि १३ ते १३.५ व्होल्टला तो पंप १७५ लिटर देतो का. तक्ताच दिलेला नसेल तर तो पंप घेऊ नका.

इथे काही पंपांवर ई-८५ मिळतं, म्हणजे जास्त इथेनॉलवालं इंधन. अमेरिकेत त्यात इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत असू शकतं. त्याला पेट्रोलपेक्षा साधारण ३० ते ३५ टक्के जास्त इंधन लागतं. म्हणजे माझे १७५ लिटर २३५ च्या आसपास जातील आणि ४७ पीएसआयवर २५५ चा पंप अगदी काठावर येईल. तेव्हा ३४० किंवा त्याहून मोठा, इथेनॉलसाठी बनवलेला पंप आणि मोठे इंजेक्टरही लागतील. आपल्याकडे ई-२० पेट्रोल आलंय, त्यालाही साध्या पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त प्रवाह धरा. भारतात गाडी ट्यून करणारे हे हमखास विसरतात.

"मोठाच घेऊन टाकू" का नको?

कारण उरलेलं पेट्रोल रिटर्न लाइनने परत टाकीत जातं. ती नळी किंवा रेग्युलेटर लहान असेल तर आयडललाच दाब वाढून बसतो, आणि तेच पेट्रोल सारखं फिरून गरम होतं. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत रिटर्न लाइनच नसते, पंपाचा वेग कंट्रोल मॉड्यूल ठरवतं. त्या मॉड्यूलला नव्या पंपाचा करंट झेपतो का, हे आधी विचारा.

पंपाला दोष देण्याआधी हे तपासा

- टाकीत पेट्रोल किती? पाव टाकीच्या खाली वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. फक्त वळणावरच अडखळत असेल तर पंप बिचारा निर्दोष आहे.
- फिल्टर आणि पंपाखालची जाळी. जुन्या टाकीतला गंज तिथेच अडकतो.
- टाकीच्या आतली नळी. बाहेर वापरायची साधी नळी पेट्रोलमध्ये बुडवून ठेवली की फुगते, फाटते. दाब आतल्या आत गळतो आणि बाहेर थेंब दिसत नाही. बुडवायच्या नळीवर एसएई ३०आर१० लिहिलेलं असतं.
- लोडवरचं व्होल्टेज. आयडलला मोजून उपयोग नाही.
- नवी गाडी असेल तर ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि अ‍ॅप वापरा. फ्युएल ट्रिम सतत प्लस १० टक्क्यांच्या वर असेल तर इंधन कमी पोचत असण्याची शंका घ्या. डायरेक्ट इंजेक्शन गाडीत दोन पंप असतात, टाकीतला लो-प्रेशर आणि इंजिनवरचा हाय-प्रेशर. आधी ठरवा, कमी कोण पडतोय.

खरेदी आणि सुरक्षा

नावाजलेल्या पंपांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. किंमत अर्धी दिसली की समजा गडबड आहे. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

काम करताना लाइनमधला दाब आधी उतरवा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, टाकी शक्य तितकी रिकामी करा, मोकळ्या जागेत काम करा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. त्या वेळी रील काढायचा मोह आवरा, मोबाइल लांब ठेवा. सवय नसेल तर सरळ मेकॅनिककडे द्या.

आणि भारतातल्या मित्रांनो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा टर्बो किटवर पैसे टाकण्याआधी याचा विचार करा.

परवा बाबांना डायनोचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी दोनदा बघितला आणि विचारलं, "एवढा आवाज करती, पाणी किती चढवती?" मी सांगितलं, "४७ पीएसआय, बाबा." ते म्हणाले, "मग ठीक आहे. वायर बघत जा अधूनमधून."