विश्लेषण : तिळावर काटा चढतो कसा? हलव्याचे दागिने घरी करायचे असतील तर हे आधी वाचा

जानेवारी उजाडला की दादरच्या बाजारात आणि पुण्याच्या तुळशीबागेत काळ्या कापडावर पांढरेशुभ्र दागिने मांडलेले दिसू लागतात. हार, बांगड्या, मुकुट, बाजूबंद, सगळं साखरेचं. नव्या सुनेची पहिली संक्रांत किंवा बाळाचं बोरन्हाण असलं की हे दागिने लागतातच. आता बहुतेक घरांत ते विकत येतात. आमच्याकडे मात्र ते कधीच विकत आले नव्हते, कारण आमच्या इमारतीत ते करणारी बाई म्हणजे माझी आई होती. शेजारपाजारच्या कित्येक नव्या नवऱ्यांनी आणि बाळांनी तिच्या हातचे दागिने घातले आहेत.

या वर्षी ताईच्या मुलीचं पहिलं बोरन्हाण होतं आणि आईची बोटं संधिवाताने आखडली आहेत. ‘विकतचे आणा, छान मिळतात,’ असं ती म्हणाली आणि दुसऱ्या विषयावर गेली. ती इतक्या पटकन दुसऱ्या विषयावर गेली की मीच म्हणालो, ‘मी करतो. तू फक्त सांग.’ मेकॅनिकल इंजिनीअरिंगची डिग्री आहे, साखरेचा पाक म्हणजे शेवटी उष्णता आणि बाष्पीभवन, त्यात काय एवढं, असं मला वाटलं होतं. तीन पराती वाया गेल्यावर हे मत बदललं. त्या आठवड्यात जे कळलं, ते इथे मांडतो आहे.

हे दागिने कोणासाठी असतात?

ज्यांनी हे घरात पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : हा गाजराचा हलवा नव्हे. तीळ, खसखस, साबुदाणा, वेलदोड्याचे दाणे किंवा मगज बी यांच्यावर साखरेच्या पाकाची पुटं चढवून केलेला हा काटेरी दाणा असतो. संक्रांतीला तिळगुळाबरोबर तो वाटतात आणि त्याचेच दागिने गुंफतात. सुनेसाठी हार, तनमणी, चिंचपेटी, पाटल्या, कंबरपट्टा, नथ. जावयासाठी हार आणि नारळ. बाळासाठी मुकुट, बाजूबंद, वाळे आणि बासरी. काळ्या कपड्यांवर ते उठून दिसतात. काळा रंग ऊन शोषून घेतो म्हणून थंडीतल्या या एका सणाला तो चालतो, असं कारण घरोघरी सांगितलं जातं. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, त्यामुळे 14 जानेवारी हुकली तरी घाबरायचं कारण नाही. मला हे फार उशिरा कळलं.

एक चमचा तीळ म्हणजे किती दाणे?

पहिली चूक इथेच होते. मी वाटीभर तीळ घेतले होते. आईने वाटी पाहिली आणि त्यातला एक लहान चमचा ठेवून बाकीचे डब्यात परत ओतले. मला ते कंजूषपणाचं वाटलं. मग हिशेब केला.

हजार तिळांचं वजन साधारण तीन ग्रॅम भरतं. म्हणजे चहाच्या एका चमच्यात हजाराच्या आसपास दाणे. तान्ह्या मुलीचा मुकुट, एक हार, दोन बाजूबंद आणि वाळे यांना मला तीन-साडेतीनशे दाणे पुरले. वाटीभर तिळांत अख्ख्या गल्लीचं बोरन्हाण झालं असतं.

दुसरा हिशेब साखरेचा. पाच मिलिमीटर जाडीच्या एका दाण्यात साधारण 0.1 ग्रॅम साखर असते. हजार दाण्यांना झाली 100 ग्रॅम. दाणे आठ मिलिमीटरचे हवे असतील तर तीच साखर 400 ग्रॅमवर जाते, कारण जाडी वाढते त्याच्या घनाच्या प्रमाणात साखर लागते. आता वेळेचं पाहा. एका वेळी अर्धा चमचा पाक घालायचा, त्यात साधारण दोन ग्रॅम साखर. 100 ग्रॅम चढवायला असे पन्नास वेळा पाक घालावा लागणार. प्रत्येक वेळी दाणे सुकायला दहा मिनिटं धरली तर आठ तासांहून जास्त होतात, आणि परातीला चिकटून वाया जाते ती साखर यात धरलेलीच नाही. ऑफिसातून येऊन रोज दोन तास बसलं तर चार-पाच रात्री. ‘हलवा एका दिवसात होत नाही’ हे आईचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत होतो. ते शब्दशः खरं आहे हे कॅल्क्युलेटरने सांगितलं.

काटा येतो कुठून?

मला सगळ्यात जास्त कुतूहल याचंच होतं. गोल तिळावर गोल थर चढायला हवा. मग टोकं कुठून येतात?

आधी पाक. 20 अंश सेल्सिअसच्या 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते, तर उकळत्या पाण्यात जवळपास 490 ग्रॅम. म्हणजे गरम पाकात थंड पाण्याला झेपणार नाही इतकी साखर असते. असा पाक पातळ थराने तिळावर पसरला, त्यातलं पाणी उडालं की जास्तीची साखर बाहेर पडते आणि स्फटिक होऊन तिथेच बसते. पहिले काही तास दाणा नुसता पांढरट, ओबडधोबड होतो. इथे माणूस हताश होतो. मी झालो होतो.

पण ओबडधोबड होणं हीच काट्याची सुरुवात असते. दाणा परातीत लोळतो तेव्हा त्याचे उंचवटे आधी गरम परातीला आणि तिथल्या पाकाला टेकतात, खळगे टेकत नाहीत. उंचवट्याला जास्त पाक मिळतो आणि तो लवकर सुकतो. म्हणून उंचवटा आणखी उंच होतो, मग त्याला आणखी पाक मिळतो. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी, असा हा प्रकार. काही तासांत त्या उंचवट्यांचे काटे होतात.

हा प्रश्न फक्त आपल्याच परातीत पडलेला नाही. जपानमध्ये ‘कोनपेइतो’ नावाची अशीच काटेरी, खड्यासारखी मिठाई करतात. नाव पोर्तुगीज ‘कॉन्फेइतो’ या शब्दावरून आलेलं. 1569 मध्ये लुईस फ्रोइस या पोर्तुगीज धर्मप्रचारकाने ओदा नोबुनागा या सरदाराला ती काचेच्या बरणीतून भेट दिल्याची नोंद आहे. पूर्वी तिच्याही पोटात तीळ किंवा खसखस असायची. तिरक्या ठेवलेल्या मोठ्या तापत्या कढईत दाणे फिरवत, थोडा थोडा पाक घालत ती करायला आजही दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. तिला टोकं का येतात यावर तोराहिको तेरादा या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाने लेख लिहिला होता. मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यांना सांग, हात हलका ठेवला की येतात.’

माझ्या तीन पराती का फसल्या?

पहिल्या परातीत मी एकदम तीन चमचे पाक घातला. दाण्यांच्या मधल्या जागा पाकाने भरल्या आणि सगळे तीळ एकमेकांना चिकटले. चिक्की झाली. चव चांगली होती, आम्ही खाल्ली.

दुसऱ्या वेळी गॅस मोठा ठेवला. परातीचा तळ जिथे उघडा पडतो तिथे पातळ थरातली साखर लगेच करपते, आणि एकदा पिवळी पडली की पुन्हा पांढरी होत नाही. यावर उपाय आईचाच : बारीक गॅसवर जाड तवा आणि तव्यावर परात. आच सगळीकडे सारखी लागते आणि बोटांना सोसते. दाणे बोटांनीच फिरवायचे असतात, म्हणजे परातीला हात लावून ठेवता येईल इतकीच ती गरम हवी. थर्मामीटर लागत नाही.

तिसरी परात सगळ्यात जास्त टोचली, कारण सगळं बरोबर करूनही दाणे गुळगुळीत राहिले. मी ते चोळत होतो. काटा उमलतानाच कोवळा असतो, जोर लावला की मोडतो आणि त्याची पिठी होते. बोटांची टोकं फक्त फिरवायची, दाण्यांनी एकमेकांवरून आपणहून घरंगळायचं.

पाकाबद्दल दोन गोष्टी. साखर बुडेल इतकंच पाणी घालून उकळी आली की आई त्यात चमचाभर दूध घालते. दुधातली प्रथिनं गोठतात आणि मळी धरून वर येतात, ती काढून टाकायची. आजकालची साखर पुष्कळ स्वच्छ असते, तरी ती घालतेच. आणि लिंबू पिळू नका. आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये बदलतो आणि स्फटिक नीट धरत नाहीत. मिठाईच्या पाकात ते उपयोगी असतं, इथे घात करतं.

हवेचाही प्रश्न आहे. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास गेली की साखर हवेतलं पाणी ओढून ओलसर होऊ लागते. कोरड्या थंडीत हलवा चांगला होतो हा अनुभव त्यातूनच आलेला. आम्ही ठाण्यात राहतो, त्यामुळे मी खिडक्या लावून, रात्री जेवणं आटोपल्यावर, स्वयंपाकघरात दुसरं काही उकळत नसताना बसायचो. झालेला हलवा कोरड्या घट्ट डब्यात ठेवावा. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. मुंग्यांना पत्ता लागतोच, डबा पाण्याच्या ताटलीत ठेवणं हाच जुना इलाज.

दोरा की गोंद?

बाजारातले बरेचसे दागिने आता पुठ्ठ्यावर किंवा जरीच्या पट्टीवर गोंदाने चिकटवलेले असतात. दिसायला देखणे, करायला झटपट, पण ते खाण्याचे राहिले नाहीत. जुनी पद्धत दोऱ्याची. दाण्याला भोक पाडता येत नाही, तो फुटतो. म्हणून प्रत्येक दाण्याभोवती दोऱ्याचा फास टाकून गाठ मारायची. इथे काट्याचा खरा उपयोग कळतो : दोरा काट्यांमध्ये अडकतो, म्हणून निसटत नाही. माझे गुळगुळीत दाणे या परीक्षेत टिकलेच नाहीत.

गाठी मात्र मला जमल्या नाहीत. आई शेजारी बसली. पहिल्या दहा-बारा गाठी तिने मारल्या, मग बोटं दुखली म्हणून थांबली, मग पुन्हा चार. असं करत हार तिनेच पुरा केला. मुकुट मी पुठ्ठ्यावर केला, गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवला. जवळून पाहिलं तर कोणतं काम कोणाचं ते लगेच कळत होतं.

बाळाला घालताना काय जपायचं?

बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा आणि हलवा ओततात. आजूबाजूची मुलं ते गोळा करतात. तान्ह्या बाळांच्या आणि तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या घशात नेमक्या अशाच लहान, कडक, गोल गोष्टी अडकतात. म्हणून आम्ही बाळाच्या डोक्यावरून फक्त चुरमुरे ओतले. बोरं, शेंगा आणि उसाचे तुकडे मोठ्या मुलांपुढे टाकले. बाळ कोणाच्या तरी मांडीवरच असावं. गळ्यातला हार सैल आणि आखूड ठेवावा, प्रत्येक दाणा आधी ओढून पाहावा, आणि फोटो झाले की दागिने लगेच उतरवावेत. दोन वर्षांखालच्या मुलांना साखर देऊ नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतातच. हलवा मामाने खावा.

पहिली मूठ कोणाची?

ही गोष्ट विश्लेषणात बसते का, माहीत नाही, पण ती राहिली तर बाकीचं अर्धवट वाटेल. बाबा गेल्यानंतर आईला इमारतीतल्या हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. दागिन्यांची मागणी मात्र येत राहिली. संध्याकाळी ज्या समारंभाला तिला बोलावणं नसायचं, त्यासाठीचा हार ती सकाळी जिन्यावरून खाली पाठवायची. मी तेव्हा कॉलेजात होतो. मला हे दिसत होतं, पण त्यावर मी काही बोललो नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं, तेव्हा ती बातमी आमच्या डेस्कवरून मीच अपलोड केली होती. घरी येऊन आईला ती वाचून दाखवली नाही.

ताईने या वेळी कोणाला विचारलं नाही. पुण्याला तिच्या घरी सगळ्या बायका जमल्या, बाळाला पाटावर ताईच्या मांडीत बसवलं, आणि चुरमुऱ्यांची परात तिने सरळ आईपुढे धरली. ‘आई, आधी तू.’ ताईच्या सासूबाईंनी क्षणभर पाहिलं आणि मग स्वतःच सरकून आईला जागा करून दिली. आईने मूठ भरली. बोटं नीट मिटत नसल्याने अर्धे चुरमुरे वाटेतच सांडले. भाची हसली आणि तिने माझा मुकुट ओढून काढला. तो चार मिनिटं टिकला. आईच्या गाठींचा हार शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

परतीच्या गाडीत आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. लोणावळा मागे पडल्यावर म्हणाली, ‘पुढच्या वर्षी खसखशीचा करू. दाणा बारीक होतो, पण काटा बघ कसा येतो. डिसेंबरातच सुरू कर मात्र.’