कळफलक मांडणी, देवनागरी (लिनक्स प्रणालीतील)

संगणकाच्या कळफलकावरील कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावे, हे ठरविणाऱ्या कोष्टकास कळफलक मांडणी म्हणतात. कळ दाबल्यावर संगणकाकडे अक्षर जात नाही, तर कळेचा केवळ क्रमांक जातो. मांडणीच्या आधारे त्याचे अक्षरात रूपांतर होते. म्हणून कळांवर रोमन अक्षरे छापलेली असली, तरी मांडणी बदलताच त्याच कळांनी देवनागरी लिहिता येते. लिनक्स या मुक्त प्रणालीत ही कोष्टके साध्या मजकुराच्या स्वरूपात असून जाणकारास ती वाचता व बदलता येतात.

भारतीय लिप्यांसाठी केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ ही समान मांडणी प्रसृत केली. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात तिचा समावेश झाला. तीत स्वर व स्वरचिन्हे मुख्यतः डाव्या हाताकडे, तर व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे असतात. अक्षरे उच्चारक्रमाने टंकित केली जातात. उदा., नागपूर जिल्ह्यातील ‘उमरेड’ हे नाव लिहिताना शिफ्टसह जी (उ), सी (म), जे (र), एस (एकाराची मात्रा) व डावा चौकटी कंस (ड) या कळा क्रमाने दाबाव्या लागतात.

मराठीतील काही चिन्हांसाठी मात्र अधिक माहिती आवश्यक असते. उमरेडनजीकच्या अभयारण्याच्या नावातील ‘कऱ्हांडला’ हा शब्द याचे उदाहरण होय. यातील अर्धा र रफाराचा नसून, मागील अक्षरावर आघात न देणारा व आडव्या वळणदार रेषेने दर्शविला जाणारा आहे. जे (र), डी (हलन्त चिन्ह) व यू (ह) या कळांनी ‘र्ह’ उमटून नाव ‘कर्हांडला’ असे अशुद्ध होते. शिफ्टसह जे (ऱ), डी व यू या कळांनी ‘ऱ्ह’ मिळतो. हा भेद केवळ दिसण्याचा नाही : ‘आचार्यास’ हे रूप आचार्याचे, तर ‘आचाऱ्यास’ हे आचाऱ्याचे, तसेच ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन.

लिनक्सच्या नोम या पटलावर मांडणी निवडण्यासाठी सेटिंग्जमधील कळफलक या विभागात आदान-स्रोत म्हणून हवी ती मांडणी जोडतात. त्यानंतर सुपर व स्पेस या कळा एकत्र दाबून भाषा बदलता येते. ज्यांना उच्चारानुसार रोमन कळा वापरावयाच्या असतात, त्यांच्यासाठी मराठीची ‘कगप’ ही ध्वन्यनुसारी मांडणीही उपलब्ध आहे. रुपयाचे चिन्ह (₹) २०१० मध्ये स्वीकारले गेले. ‘इंग्रजी (भारत, रुपयासह)’ या मांडणीत ते उजवी आल्ट व ४ या कळांनी उमटते. ‘कंपोज’ म्हणून नेमलेली कळ दाबून नंतर रोमन ओ दोनदा दाबल्यास अंशचिन्ह (°) मिळते.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ‘ऱ’ ला स्वतंत्र संकेत (०९३१) आहे. तरीही र, हलन्त चिन्ह व ‘शून्यरुंदी जोडक’ हे अदृश्य चिन्ह यांच्या योगेही तशीच आकृती पडद्यावर दिसते. दिसण्यात एकसारखे असूनही हे दोन संकेतक्रम भिन्न असल्याने, एका पद्धतीने नोंदलेले गावाचे नाव दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास ते सापडेलच असे नाही. म्हणून दप्तरी नोंदी, नकाशे व सूच्या तयार करताना संपूर्ण कामात एकच संकेतक्रम वापरणे आवश्यक ठरते.